बरणीतली वाफ

"वाफ पुसून जात नाही, म्हणजे आतून आहे," बरणी ओट्यावर ठेवत लेक म्हणाली. "आई, आत दमट झालंय. बी गेलं म्हणून समज."

फ्रिजमधून काढलेल्या बरणीला बाहेरून पाणी सुटतं, एवढं सिस्टरलाही कळत होतं. तीस वर्षं वॉर्डात काढल्यामुळे तिला सगळे सिस्टरच म्हणत. नवरासुद्धा. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा गृहस्थ म्हणून गल्ली त्याला हसायची, आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

बरणीत तंबाखूचं बी होतं. त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं, चिमटीत हजारभर मावेल इतकं बारीक. दोन-तीन वर्षांनी तो परसात चार रोपं लावी, बोंडं वाळवी, चहाच्या गाळणीनं बी गाळी आणि कागदाच्या पुडीत बांधून बरणीत ठेवी. तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ओल शोषायला. बरणी उघडताना श्वास रोखून धरायचा.

"माणसाच्या श्वासात पाणी असतं, सिस्टर. बियाला ते विष."

"आणि तुमचा धूर तेवढा अमृत!" ती फणकारायची.

धुरानंच त्याला नेलं. आजारपणाच्या वर्षांत रोपं लागली नाहीत आणि उरली ती ही एक बरणी. दीड महिन्यापूर्वी, जायच्या दिवशी सकाळी, त्यानं ती मागून घेतली. पुरचुंडी बदलायची होती. झाकण लावताना खोकल्याची ढास लागली, तीही नेमकी बरणीच्या तोंडावर. तसंच त्यानं झाकण घट्ट फिरवलं. "एवढं बी जाऊ देऊ नकोस," म्हणाला. दुपारी गेला.

"उघड आणि पसरून ठेव," लेक म्हणाली. "आज वाळलं तर निम्मं तरी उगवेल. मी कुंड्या बघते." ती परसात गेली.

सिस्टर बरणीसमोर बसली. काच धूसर झाली. मग निवळली. मग पुन्हा धूसर झाली.

सवयीनं तिची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. तिनं पूर्ण मिनिट मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठच, आणि पाचव्यानंतर एवढा लांब खंड, की ती खुर्चीवरून अर्धी उठली. त्या सकाळी तिनं वहीत त्याचे श्वास आठच लिहिले होते. खंडही हाच.

ती घाबरली नाही म्हणणं खोटं होईल. पण उठून जावंसंही वाटेना.

"अहो," ती हळूच म्हणाली.

काच धूसर झाली, ती या वेळी जरा जास्त वेळ राहिली.

उघडली तर हे जाणार. नाही उघडली तर बी कुजणार. इकडे आड, तिकडे विहीर. "गेल्यावरही माझीच ड्यूटी लावलीत होय!" ती पुटपुटली आणि तिला रडू कोसळलं. आयुष्यभर तिनं किती खाटांपाशी उभं राहून नातेवाइकांना सांगितलं होतं, आता जाऊ द्या त्यांना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मग डोळे पुसून तिनं झाकण फिरवलं, तोंड बरणीला लावलं आणि आत होतं नव्हतं ते सगळं ओढून घेतलं. तंबाखूचा, औषधाचा, त्याच्या उशीचा वास आला. काच लख्ख झाली. पुडी सोडून तिनं बी कागदावर पसरलं आणि ओठ घट्ट मिटून बसून राहिली.

"आई, उघडलीस का?" परसातून हाक आली.

तिनं तो श्वास तसाच आत धरून ठेवला.

"आई? अगं, बोल ना."

छाती भरून दुखायला लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर कुंडी खाली आदळल्याचा आवाज झाला आणि धावती पावलं दाराशी आली.

"आई!" लेकीचा आवाज रडवेला झाला होता. "आई, तू तरी..."

"हो," सिस्टर म्हणाली. "उघडली."