डाव्या गालाचा फोटो

"मान सरळ कर, बेटा. हासू नको. व्हिसावालासले हासरा फोटो चालत नही."

पितांबर कॅमेऱ्यामागून सांगत होता आणि संघमित्रा स्टुलावर हसू दाबत बसली होती. धुळ्यात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या या माणसाचा जन्म गिऱ्हाइकांना हसवण्यात गेला. आज पोटच्या पोरीला गंभीर करायची पाळी आली होती.

पाणी शुद्ध करण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला तिला परदेशातल्या एका शहरात प्रवेश मिळाला होता. वर्ग सप्टेंबरात सुरू होणार होते, व्हिसा तेवढा राहिला होता. वर्षभर ती त्या शहरातल्या नदीचे फोटो बघत जेवायची. तिथली ट्राम कोणत्या रस्त्यानं वळते तेही तिला पाठ झालं होतं. पण यंदा नियम भलतेच कडक झाले होते. जळगावच्या एजंटानं, लीलाधरनं, सतरांदा बजावलं होतं, "काका, कागदात काना-मात्रेचा फरक नको. एकदा नाकारलं की वर्ष गेलं समजा."

पितांबरनं सगळं नियमाबरहुकूम केलं. मागचा पडदा पांढराशुभ्र, दोन्ही कान दिसणारे, माप अगदी बरोबर. मग फोटो कॉम्प्युटरवर घेतला, सवयीनं माउस हातात धरला आणि तिच्या डाव्या गालावरचा डाग पुसून टाकला.

डाग भाजल्याचा होता. चार वर्षांची असताना याच स्टुडिओत तापलेला दिवा तिच्या अंगावर पडला होता. स्टँडचा स्क्रू ढिला झालाय हे पितांबरला आदल्या दिवशीच कळलं होतं. उद्या बघू म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. तेव्हापासून शाळेच्या ओळखपत्रापासून पदवीदानापर्यंत तिचा एकही फोटो त्यानं डागासकट बाहेर जाऊ दिला नाही. गिऱ्हाइकांचे तीळ आणि व्रण तो मागितल्यावर पुसायचा. पोरीच्या बाबतीत कुणी सांगायची गरज नसे.

पुढच्या महिन्यात व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला गेलेली संघमित्रा तिसऱ्या दिवशी दुपारी परतली. बॅग खाली ठेवून स्टुडिओतल्या बाकावर बसली.

"काय व्हयनं?"

"आधी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. फोटोत फेरफार आहे म्हणाले. अर्ज नाकारला, आबा. आता नवीन तारीख नोव्हेंबरची. लीलाधरभाऊंनी विद्यापीठाला विचारलं, तोवर जागा ठेवत नाहीत."

पितांबरनं कॉम्प्युटरसमोर बसून तिचा तो फोटो उघडला.

"मनी चूक शे, बेटा. बठ्ठी मनीच चूक. बोल माले, काय बोलनं ते बोल."

सगळी चूक आपलीच आहे, तेव्हा तिनं आरडाओरडा करावा, कॅमेरा उचलून आपटावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"फॉर्मवर लिहिलेलं होतं, आबा. फोटोत काही बदलू नका म्हणून. मी वाचलं होतं. तुम्ही पुसत होता तेव्हा मी मागंच उभी होते."

"मंग का बरं बोलनी नही?"

तिनं ओढणीचं टोक सोडलं.

"फोटोत चांगली दिसत होते," ती म्हणाली. "वाटलं, तिकडे आपल्याला कोण ओळखतंय. तिकडे तरी अशीच जाऊ."

पितांबर उठून तिच्याजवळ गेला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं त्या डागावर हात ठेवला. तिथली कातडी त्याला वाटली होती तशी खरखरीत नव्हती. चांगली मऊ होती.