दोन नंबर मोठे बूट

माझ्या लेकीच्या, ऊर्मीच्या, बर्फावर घसरायच्या स्कीजसाठी गेल्या वर्षी मी पंधरा दिवस अभ्यास केला होता. इथे कॅनडात, एडमंटनच्या पूर्वेला आम्ही जातो तिथे डोंगर नाहीतच. नुसते चढउतार, मधे तळी आणि झाडी. तिथे डोंगरातल्या जड स्कीज म्हणजे निव्वळ ओझं. हलक्या, तळाला खवले असलेल्या घ्यायच्या, म्हणजे चढताना मागे घसरायला होत नाही. हे सगळं मी दुकानातल्या बाईंनाच समजावून सांगितलं. शहाणपणा नुसता उतू चालला होता.

मग बूट आले. बाईंनी पाय मोजून नंबर काढला. मी म्हटलं, "दोन नंबर मोठे द्या." लहानपणी माझे सगळे बूट वाढत्या मापाचेच असायचे, पुढे कापूस कोंबलेले. बाई नको म्हणत होत्या. टाच घट्ट बसली नाही तर स्की वळत नाही, म्हणाल्या. अकरा वर्षांची ऊर्मी माझ्याकडे बघून म्हणाली, "इट्स फाईन. मी दोन सॉक्स घालीन."

तिसऱ्याच उतारावर स्की वळली नाही. पाय बुटातल्या बुटात फिरला आणि पोरगी झाडावर आदळली. घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणते, "माय फॉल्ट. आय वेंट टू फास्ट." मी शेजारीच उभा होतो. गप्प बसलो. घरी यामिनीने तिलाच झापलं, "बाबा सांगतात ते ऐकायला काय होतं गं?" तेव्हाही गप्प. बायकोची भीती नव्हती. लाज वाटत होती, आणि लाजेने तोंड उघडेना. सहा आठवडे त्या प्लास्टरकडे मला बघवत नव्हतं. बूट मी गुपचूप टाकून दिले.

ह्या नोव्हेंबरात तिघं पुन्हा त्याच दुकानात गेलो. बाईंनी पाय मोजून मापाचे बूट आणले. ऊर्मीने ते बाजूला सारले. "वन साईझ बिगर, प्लीज." मग मला हळूच म्हणाली, "बाबा, नेक्स्ट इयर पण होतील ना."

मी खाली बसलो, मापाचा बूट तिच्या पायात चढवला.

"यामिनी," मान वर न करता मी म्हटलं, "गेल्या वर्षी ही जोरात उतरली नव्हती. बूट मोठे होते. ह्या बाई नको म्हणत असताना मी घेतले होते."

मी नाडी आवळली. ऊर्मीने पाय हलवून बघितला.

"मग सॉक्स एकच घालू?" तिने विचारलं.