काव न लावता या

आमच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, नागिणीचं औषध आख्ख्या पेठेत प्रसिद्ध आहे. कुणाच्या कमरेवर फोडांची माळ उठली की माणूस आधी शांतम्माच्या दारात येतो, मग वेळ मिळाला तर डॉक्टरकडे जातो. ती काव, म्हणजे गेरू, उगाळते, त्यात कसलासा पाला वाटून घालते आणि नागिणीचं तोंड कुठं, शेपूट कुठं ते बघून तांबडा लेप देते. न बघता लेप द्यायचा नाही, हा तिचा नियम.

आता मला फोड आले ते अशा जागी, की चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्यानं आईला दाखवावेत तरी कसे? मांडीवर आलेत असं मी म्हणालो. दाखव म्हणाली. मी वाटीसाठी हात पुढं केला. शेवटी तिनं नाराजीनं वाटी माझ्या हातात दिली. मोरीत जाऊन मी लेप थापला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. फोड वाळले, मी विसरलो, आणि दोन महिन्यांनी ते पुन्हा त्याच जागी हजर झाले.

मी पुन्हा काव थापली; एरवी तेवढ्यावरच भागवलं असतं. पण मध्ये राजेश्वरी आली होती. माझी बायको महेश्वरी जाऊन सहा वर्षं झाली. राजेश्वरीही विधवा, अक्कलकोटला शिवणकाम करते. अव्वानं स्थळ काढलं, आम्ही दोनदा भेटलो, आणि मला ती फार आवडली. तारीख तेवढी काढायची राहिली होती. अंगात काय आहे ते न कळता तिला घरी आणायची माझी छाती होईना.

म्हणून डॉक्टर धम्मप्रिया यांच्याकडे गेलो. पाटीवर त्वचारोगाखाली गुप्तरोगही लिहिलेलं, त्यामुळं गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली. बाकावर माझ्या दुकानाचंच एक गिऱ्हाईक बसलेलं. दोघांनी एकमेकांना खाज सुटल्याचं सांगितलं आणि विषय मिटवला.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हे काय रंगवून आणलंय म्हणून विचारलं. मी अव्वाची कीर्ती सांगितली. त्या म्हणाल्या, ही नागीण दिसत नाही, जननेंद्रियावरची हर्पीस असू शकते, पण नुसतं बघून मी छाप मारणार नाही. फोड ताजा असताना त्यातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन लॅबला पाठवलं तर विषाणू सापडतो. लेपाखाली खपल्या धरल्यावर कशातून घेणार? दुसरे कुठले आजार नाहीत ना, ते बघायला त्यांनी रक्त घेतलं. त्यात काही निघालं नाही. मग हर्पीससुद्धा रक्तातच बघा की, असं मी म्हटलं. रक्तात तिची खूण मिळेलही, त्या म्हणाल्या, पण हे फोड तिचेच होते हे त्यावरून ठरत नाही.

"पुन्हा आले की पहिल्याच दिवशी या," त्या म्हणाल्या. "आणि काव न लावता या."

मला राग यायला हवा होता, पण तोंड नव्हतं. चिंचोळी एमआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळकी मोटर घरी उघडून, पुसून, चकाचक करून आणणाऱ्यांना मी रोज झापतो. कॉइल कुठं काळी पडली तेच पुसून टाकल्यावर बिघाड ओळखायचा कशावरून? त्या दिवशी ते झापणं माझ्या वाट्याला आलं.

मग सुरू झालं फोडांची वाट बघणं. असला येडपटपणा दुसऱ्या कुणी केला नसेल. सकाळी उठून बघायचं, काही नाही, की तोंड पाडून दुकानात जायचं. अव्वा तारखेचं विचारी, मी कामाच्या ऑर्डरी पुढं करी. राजेश्वरी आधी स्वतः फोन करायची, मग तिचे फोन बंद झाले. एके दिवशी तिच्या भावाचा निरोप आला, की नको असेल तर तसं सांगा, ताटकळत ठेवू नका. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती हातची जाणार, ही भीती फोडांपेक्षा वाईट होती.

आणि पुढच्याच आठवड्यात सकाळी मुंग्या आल्या, चुरचुरलं, दोन टपोरे फोड दिसले. मला हसू फुटलं. माझं अवघडून बसणं बघून अव्वानं कावेचा खडा काढला. मी तिचा हात धरला आणि स्वयंपाकघरातच तिला सगळं सांगितलं, जागेसकट. तिनं खडा परत डब्यात ठेवला.

"तवाच दाखवलं असतंस तर मीच बोलले असते, ही नागीण न्हाय म्हणून," ती म्हणाली. "ऊठ, दवाखान्यात जा."

काडी फिरवताना जीव कळवळला, पण काम झालं. हर्पीसच निघाली, दुसऱ्या प्रकारची, बहुतेक शरीरसंबंधातून पसरणारी. डॉक्टरबाईंनी समजावलं, की ती अंगातून जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहते, लग्नाला अडचण नाही. फोडांच्या दिवसांत लांब राहायचं, एरवी निरोध वापरायचा, तरी थोडा धोका उरतोच, म्हणून राजेश्वरीला आधी सांगायचं. कुणाकडून आली, हे मी विचारलंच. चाचणी विषाणूचं नाव सांगते, माणसाचं नाही, त्या म्हणाल्या. कित्येक वर्षं ती गुपचूप पडून राहिलेली असू शकते. मी महेश्वरीवर आळ घेतला नाही. ती असती तर तिनंही माझ्यावर घेतला नसता.

अक्कलकोटला गेलो तेव्हा राजेश्वरी मशीनवर होती. मी बोलायला लागल्यावर तिनं चाक हातानं थांबवलं. जिवाला धोका आहे का, तिनं विचारलं. नाही म्हटलं. तिला होईल का? होऊ शकते म्हटलं, आणि काय जपायचं तेही सांगितलं. ती बराच वेळ ब्लाउजच्या कापडावरचा खडू झटकत राहिली.

"इतके दिवस ह्यापायी थांबला होता व्हय? मला वाटलं, मी पसंत न्हाय."

"तुम्ही पसंत होता, म्हणूनच थांबलो."

"माझ्या पहिल्या लग्नात," ती म्हणाली, "त्येंची किडनी गेलेली साऱ्या मांडवाला ठाऊक होतं. मला हळद उतरल्यावर कळलं."

माझे डोळे भरले, आणि ते पुसायचंही भान राहिलं नाही. तिनं गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"त्या डॉक्टरबाईंकडं मला घेऊन चला. मलाबी तपासून घ्यायचंय, चार गोष्टी विचारायच्यात. मग तारीख काढा. ह्या खेपेला कसं, मला आधी कळलंय."