मंत्रांशिवाय धरलेला अंतरपाट

मी अंतरपाट बोलतोय. लग्नात नवरानवरीच्या मधे जे पांढरं कापड धरतात ना, कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, तोच मी. मंगलाष्टकं संपली की मला बाजूला ओढतात, दोघं एकमेकांच्या गळ्यात हार घालतात, आणि त्यानंतर माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. कधी खुर्चीवर, कधी तांदळाच्या परातीखाली माझा बोळा होऊन पडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आड उभं राहायचं आणि वेळ झाली की दूर व्हायचं, एवढंच माझं काम.

बनारस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जरीचे शालू येतात. मी तिथलाच, पण साधा सुती. चौकातल्या एका दुकानात ताग्यात गुंडाळून पडलो होतो. दुर्गाघाटावरच्या विश्वेश गुरुजींनी मला फाडून घेतलं, हळदीच्या पाण्यात एक टोक बुडवलं आणि घरी आणलं. तेव्हापासून दुर्गाघाटापासून संकठा घाटापर्यंत मराठी घरात लग्न निघालं की मला बोलावणं आलंच. इथे मराठी घरं ती किती! एकच अंतरपाट सगळ्यांना पुरतो.

माझ्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला नसेल. टाचा उंचावून पलीकडे डोकावणारे नवरदेव मी पाहिलेत. हुंदका आवरणाऱ्या नवऱ्या पाहिल्या, आणि हुंदका येत नाही म्हणून कानकोंड्या झालेल्याही. एक पठ्ठ्या तर माझ्या आडोशाला मोबाइल बघत होता.

गुरुजी मोठे कडक. वेद शिकवतात, मुहूर्त मिनिटाला धरून पाळतात. आठाची सात मंगलाष्टकं त्यांच्या तोंडून कधी झाली नाहीत. आणि त्यांचा एक नियम सगळ्या गल्लीला माहीत होता, विधी चालू असताना कॅमेरा नको. "लग्न संस्कार आहे, नौटंकी नाही," असं म्हणून त्यांनी भल्याभल्या फोटोवाल्यांना जिन्याखाली उतरवलं होतं. इतरांच्या लग्नात लोक मागाहून हौस भागवून घेत. पण गुरुजींच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात कुणाची टाप होती?

तो मुलगा यज्ञेश्वर. वडिलांच्याच पाठशाळेत मुलांना संथा देतो. गोरा, लाजरा, खोटं बोलायची वेळ आली की कान लाल होणारा. त्याचं लग्न ठरलं मैत्रेयीशी. तिचे वडील रेल्वेतले, नागपूरकडून बदली होऊन आले ते इथेच राहिले. मैत्रेयी परिचारिका. कॅनडातल्या कॅलगरी शहरात, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. लग्नासाठी जेमतेम रजा काढून आली होती. ठरलं असं की ती पुढे जाईल, नवऱ्यासाठी व्हिसाचा अर्ज करेल, आणि वर्षभरात यज्ञेश्वर तिकडे जाईल. तिथल्या मराठी मंडळींना पूजा सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कामाचीही चिंता नव्हती.

त्या लग्नात मला धरलं तेव्हा दोन्ही बाजूंचे श्वास मला लागत होते. मैत्रेयीची धाकटी बहीण रुचा जिन्यात उभी होती. तिने चोरून मोबाइलवर एक फोटो काढला. त्यात मी मधोमध, ताठ. एका बाजूला यज्ञेश्वरची मुंडावळी, दुसऱ्या बाजूला मैत्रेयीचे हार धरलेले हात. जेवणाच्या वेळी आणखी फोटो निघाले, पण या घरात पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी. एका फोटोत तो काकामामांच्या रांगेत, दुसऱ्यात ती मावश्यांच्या रांगेत. दोघं एकत्र असलेला एकही फोटो निघाला नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी ती विमानात बसली.

अर्जाचं काम सिगरा भागातल्या वर्माजी नावाच्या व्हिसा एजंटकडे दिलं होतं. काही महिन्यांनी तिकडच्या कचेरीने विचारणा केली. लग्नाचा दाखला पोचला, पण हे दोघं खरोखर नवराबायको आहेत याचा आणखी पुरावा द्या. वर्माजी घरी आले, अर्जासोबत गेलेला रुचाचा तो फोटो बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"पंडितजी, ये क्या भेजा? इसमें तो सिर्फ कपड़ा दिख रहा है!"

कपड़ा म्हणजे मी. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

"दोनों साथ में चाहिए। वरमाला, फेरे, सब," वर्माजी म्हणाले. "बहू आ रही है न छुट्टी में? दोबारा करवा लीजिए। छोटा सा।"

गुरुजी ताडकन उठले. "लग्न दोनदा लागत नाही!"

यज्ञेश्वरची आई प्रभावती एरवी नवऱ्यापुढे ब्र काढत नसे. दोनतीन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पोरगा रोज त्या फोनशी बोलून जेवतो. ती तिकडे एकटी, हा इकडे. तुमच्या नियमाने लग्न लागलं, आता संसार पण लागू द्या ना."

गुरुजींनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "मंत्र म्हणणार नाही. मंत्र नाहीत तर लग्न नाही, आणि लग्नच नाही तर त्यात खोटं पण काही नाही. फोटो काढायचे तेवढे काढा."

त्यांनी मनाशी असा हिशेब जुळवला. वेदांच्या हिशेबाने तो चुकला नव्हता.

मला ट्रंकेतून काढलं तेव्हा माझा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता. प्रभावतीने जुन्या खणाचा लाल तुकडा लावून तो शिवला, नवं स्वस्तिक काढलं. मैत्रेयी आली. पावसाळा होता, गंगा पायऱ्या चढत वर आली होती. पुन्हा शालू, पुन्हा मुंडावळ्या. फोटोवाला पहिल्यांदाच जिना चढून थेट आत आला.

मला आजवर कुणी श्लोकांशिवाय धरलं नव्हतं. खोली चिडीचूप होती. फोटोवाला म्हणाला, "गुरुजी, थोड़ा मुंह चलाइए, जैसे मंत्र पढ़ रहे हों।" साऱ्या गल्लीला ज्यांच्या खड्या आवाजाची सवय, त्या गुरुजींनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. मला लाज वाटली.

मग मला खाली घेतलं. यज्ञेश्वर आणि मैत्रेयीने एकमेकांना पाहिलं, वर्षभराने, इतक्या जवळून. आधी दोघं हसले आणि मग दोघंही रडले. फोटोवाला खूश झाला. बाकी सगळं ठरवून केलेलं होतं, पण ते रडणं अगदी खरं होतं. मी त्यांच्या पायाशीच पडलो होतो.

वर्माजींनी ते फोटो पाठवले. खाली इंग्रजीत लिहिलं, 'लग्नाच्या दिवशीचे फोटो'. यज्ञेश्वरने न वाचता सही केली.

पुढे त्याला मुलाखतीला दिल्लीला बोलावलं. परतल्यावर त्याने सगळं सांगितलं, तेव्हा प्रभावती मला घडी घालत होती, म्हणून मलाही कळलं. टेबलापलीकडे एक बाई होती. बोलायला अगदी मऊ. तिने रुचाने काढलेला फोटो आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"या फोटोत कापड धड आहे. यात लाल ठिगळ आहे. दोन्ही एकाच दिवशीचे आहेत का?"

"मग तू काय म्हणालास?" प्रभावतीने विचारलं.

"नाही म्हणालो. मागून काढले म्हणून सांगितलं."

"अरे, घाईत फाटलं, तिथेच शिवलं, असं काहीतरी सांगायचं होतंस ना रे!"

"आई, नाही जमलं मला."

गुरुजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते खाली घाटाकडे गेले.

निकाल मोबाइलवर आला. खोटा पुरावा सादर केल्याबद्दल अर्ज नामंजूर, आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. यज्ञेश्वरने वडिलांना मराठीत समजावून सांगितलं. गुरुजी सारखे एकच म्हणत राहिले, "पण मी एकही मंत्र म्हटला नव्हता रे. एकही नाही."

त्या संध्याकाळी मैत्रेयीचा फोन आला.

"मी येऊ का परत?" तिने विचारलं.

"इथे येऊन काय करशील? मिळवलेलं सगळं सोडून?"

"मग काय करू, सांग ना."

"पाच वर्षांनी तू एक्केचाळीस..."

"मोजू नको यार. प्लीज, मोजू नको."

त्या दोघांना मूल हवं होतं. ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी मी ज्या ट्रंकेत होतो, तिच्यावर बसूनच यज्ञेश्वर मैत्रेयीशी फोनवर बाळाची नावं ठरवत होता. आता ते दोघं हवापाण्यावर बोलतात. तिकडे बर्फ किती, इकडे ऊन किती. फोन लवकर संपतो.

गेल्या मार्गशीर्षात रुचाचं लग्न झालं, राजा घाटाजवळच्या कार्यालयात. मैत्रेयीला रजा मिळाली नाही. रुचाने हट्टच धरला की जिजाजींनीच लग्न लावायचं. म्हणून माझं एक टोक यज्ञेश्वरने धरलं, दुसरं गुरुजींनी. मंगलाष्टकं यज्ञेश्वरने म्हटली. आवाज वडिलांसारखाच खडा. माझ्या एका बाजूला रुचा, दुसऱ्या बाजूला तिचा श्रीनिवास, इथल्याच बँकेतला. दोघंही डोकावायला उतावीळ.

एक श्लोक झाला, दुसरा झाला. पाचव्यानंतर यज्ञेश्वर थांबला. लोकांना वाटलं श्वास घेतोय. त्याने माझ्या दोन्ही बाजूंना ताटकळलेल्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या लाल ठिगळाकडे नाही, नुसतं माझ्याकडे, आणि मला खाली ओढायला लागला. तीन श्लोक उरले होते. मुहूर्ताला अजून अवकाश होता. या घराण्यातल्या कुणी असं कधी केलं नव्हतं.

गुरुजींना ते कळलं नसेल असं होणारच नाही. माझं दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं. मूठ आधी आवळली, मला चांगली जाणवली. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मूठ सोडली, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच अक्षता टाकल्या.