म्हशीचं कॅल्शियम

स्त्री ही घराचा कणा आहे. आखाडा बाळापूरच्या महिला दिनाच्या सभेत भिवाजी सर हे वाक्य दरवर्षी म्हणत आणि टाळ्या घेत. त्यांच्या घरच्या कण्याला, म्हणजे पद्माबाईंना, कंबरदुखीनं वाकून झाडता येत नव्हतं. सभेत तो विषय नव्हता.

पन्नाशीच्या तोंडावर पद्माबाईंची पाळी गेली आणि शरीर परक्यासारखं वागू लागलं. भर थंडीत अंगातून वाफा निघत. कातडी कोरडी पडून खाजे. गालांवर वांग आले, त्यावर कुणीतरी दिलेलं गोरं करणारं मलम लावलं, तर चेहराच भाजल्यासारखा झाला. शेवटी हिंगोलीला डॉक्टर हुमेरा मॅडमनी मलम बंद करायला लावलं, रक्त तपासलं आणि सरांना बजावलं, "या वयात हाडं आतून ठिसूळ होतात. गोळ्या चुकवू नका. दूध, कोवळं ऊन, रोजचं चालणं, हेही औषधच समजा."

चिठ्ठी सरांच्या खिशात गेली. बायकोच्या औषधाची चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात जाते, अशी रीत आहे. मग पद्माबाई विचारत राहिल्या आणि सर सांगत राहिले, "दुकानात नाहीत. मागवल्यात." पद्माबाईंनी विश्वास ठेवला. लग्नापासून ठेवत आल्या होत्या, तसाच.

हिवाळा सरता सरता म्हैस व्याली. त्याच संध्याकाळी सर कॅल्शियमचा डबा घेऊन आले.

सकाळी शेजारच्या खतीजाबी दुधाला आल्या, तेव्हा पद्माबाई म्हशीला ते पाजत होत्या.

"हे काय पाजून राहिली?"

"कॅल्शियम. व्याल्यावर अंगातलं सरतं, मंग जनावर खाली बसतं म्हणे."

"आन तुह्या गोळ्या?"

"दुकानात न्हाईत ना."

"कोन म्हन्लं?" खतीजाबींनी चरवी खाली ठेवली. गावातलं औषधाचं दुकान त्यांच्या लेकाचं, नासेरचं. "मी सोता रोज खाते त्या! आन हा डबा बी नासेरकडूनच आलाय की!"

पद्माबाईंचा हात तसाच थांबला. म्हशीनं मान पुढे केली. तिला तिचा डोस वेळेवर हवा होता.

सर शाळेला निघाले होते. पद्माबाई दारात उभ्या राहिल्या.

"गोळ्या काहून न्हाई आणल्या? खरं सांगा."

सरांनी आधी खतीजाबींकडे पाहिलं, मग म्हशीकडे. "अगं, चिठ्ठीवर बायकांच्या डॉक्टरचं नाव. नासेर माझा विद्यार्थी. त्यानं विचारलं असतं, बाईंना काय झालं, तर काय सांगू?"

"म्हशीचं सांगताना लाज न्हाई वाटली?"

"म्हशीचं वेगळं असतं."

"व्हय. ती दूध देते."

सर चिडले. "या वयात बायकांना थोडं होतंच! माझ्या आईनं कुठं गोळ्या खाल्ल्या?"

"म्हनूनच न्हाणीत घसरली अन् खुबा मोडला, सर!" खतीजाबींचा आवाज चढला. "परत उठली का ती? तिच्या उशाला मी बसत व्हते. तुमी म्हन्ले, वय झालं. अवो, हाडं झिजली व्हती! जनावर बसलं की डाक्टर घरी येतो, आन बाईनं दुखतं म्हन्लं की नखरे?"

सर मटकन ओट्यावर बसले. न्हाणीतून आईला त्यांनीच उचललं होतं. किती हलकी लागली होती ती!

"पद्मा, चुकलो मी," ते म्हणाले.

पद्माबाईंची कंबर तर दुखतच होती. पण रोज ज्या माणसाला ताट वाढून 'आल्या का गोळ्या?' विचारलं, तो घास न अडकता खोटं बोलत होता, हे कुठं दुखतंय ते त्यांना दाखवता येईना.

त्या दिवशी सरांनी नासेरच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, मोठ्यानं गोळ्या मागितल्या. नासेरनं काहीएक विचारलं नाही. गोळ्या दिल्या.

वाचकहो, पाळी जाणं हा आजार नव्हे, पण सोबत येणारी दुखणी म्हणजे नखरेही नव्हेत. घरातल्या बाईला वेळेवर डॉक्टरकडे न्या. औषध मागताना लाजू नका. आणि तिच्या वाट्याचं दूध आधी बाजूला काढा, मग डेअरीला घाला.

पुढच्या महिला दिनी सरांनी याच विषयावर भाषण केलं. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. पद्माबाई सभेत नव्हत्या. गोळ्या संपल्या होत्या, त्या आणायला स्वतःच नासेरच्या दुकानात गेल्या होत्या.