कापलेली वायर

मित्रांनो, मी मिरच्या भाजायची जुनी विजेची भट्टी आहे. दिसायला बुटक्या डब्यासारखी. पोटात मातीची नळी आणि तिच्याभोवती तार. एका वेळी एकच लांब, लाल, गोड मिरची माझ्यात उभी राहते आणि साल काळी पडून सुटते. शरद ऋतूत आमच्या बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरात बाल्कनीबाल्कनीतून हाच वास येतो.

मला बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. तरी स्द्राव्काबाईंनी मला चालतं ठेवलं. तार जळली की त्या बाजारातून नवी आणत, बुडाचे स्क्रू काढून स्वतः बसवत. शेजारची पेंका कठड्यावरून चिडवायची, "नवऱ्याची कधी एवढी काळजी घेतली नाहीस गं." बाई हसत आणि पुढची मिरची सोडत.

यंदा उन्हाळ्यात बाई गेल्या.

त्यांची मुलगी बिल्याना घर आवरायला आली. इमारतीच्या दारावर आईच्या निधनाची सूचना होती आणि तिला खेटून एक हिरवी जाहिरात. जुनी यंत्रं वीज खातात, ती द्या, नवी सवलतीत घ्या, पृथ्वी तुमच्या हाती आहे. वाचून बिल्यानाला अपराधी वाटलं. तिने मला अंगणात नेऊन दिलं आणि सवलतीत नवी भट्टी घेतली. जाहिरात लावणाऱ्या कंपनीच्या माणसाने माझी वायर मुळाशी कापली. कुणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून तसा नियमच आहे, असं त्याने सांगितलं आणि मला ढिगावर फेकलं. तिथे पंखे होते, इस्त्र्या होत्या, बऱ्याचशा चालू स्थितीतल्या, सगळ्यांच्या वायरी कापलेल्या. वरून हिरव्या पानाचं चित्र असलेलं कापड. त्या पानाची मला अजून किळस येते.

आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने अन्न वाटतात. बिल्यानाला आईसारख्या भाजलेल्या मिरच्या वाटायच्या होत्या. नवी भट्टी थोड्या मिरच्या भाजून थंड पडली. उघडायला तिला स्क्रूच नव्हते. कंपनीला फोन केला तर दुरुस्ती होत नाही, दुसरी घ्या, असं उत्तर आलं. ढिगाच्या वरच बाईंची बाल्कनी, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"दुकानातून प्लास्टिकच्या डब्यांतल्या आणते, मावशी," बिल्याना पेंकाला म्हणाली.

"स्द्राव्काच्या नावानं डब्यातल्या? उठून बसेल ती. जुनी भट्टी कुठाय?"

"देऊन टाकली. पृथ्वीसाठी."

"पृथ्वी आली होती का मागायला?"

बिल्याना खाली आली, कापड बाजूला केलं आणि मला छातीशी धरून वर घेऊन गेली. पेंकाने माझं तुटकं टोक पाहिलं, एक शिवी हासडली आणि सुरी घेऊन नव्या भट्टीची वायर कापली. तीच मला जोडली.

माझी नळी लाल झाली. मिरच्या सोलताना बिल्यानाचे डोळे वाहत होते. धूर फार आहे, असं ती म्हणाली. पेंकाने मान डोलावली. संध्याकाळी साऱ्या इमारतीत स्द्राव्काबाईंच्या नावाने मिरच्या गेल्या.

मित्रांनो, मी वाचले म्हणून टाळ्या वाजवू नका. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि बाकीचा ढीग गेला. जाहिरात अजून दारावर आहे. ती तुम्हाला दोष देईल तेव्हा तिच्या तळाशी कुणाचं नाव छापलंय ते वाचा. आणि नवं यंत्र घेण्याआधी ते दुकानातच उलटं करा. स्क्रू दिसले नाहीत, तर तिथेच ठेवून घरी या.