संध्याकाळपर्यंत मावशी

…आणि हे एकच नेमकं बसत नव्हतं. प्लगच्या भोकांवर लावायचं पांढरं प्लास्टिकचं झाकण — फ्रिजमागचं बसलं, टीव्हीखालचं बसलं, पण खिडकीखालचं हे दाबलं की आत जायचं आणि हात काढला की पुन्हा अर्धं बाहेर यायचं, आणि मोनिकानं ते उपटून उजेडात धरलं तेव्हा तिला त्याच्या कडेला दातांच्या खुणा दिसल्या. बारीक, एकमेकींना लागून. सायलीच्या. दुसऱ्या कुणाच्या पोराचे दात असते तर ती हसली असती, बघा हो उंदीर, म्हणाली असती, पण हे आपल्याच पोरीचे म्हटल्यावर तिच्या कपाळावरची शीर तडतडायला लागली. आज दुपारी तपासणीच्या मॅडम येणार, आणि कार्टीला चावायला हेच सापडलं.

पाळणाघर ती दिवाळीपासून चालवतच होती. चार पोरं, सगळी चिखलीतलीच, आया चाकणच्या कंपन्यांत. पण परवाना नव्हता, आणि परवाना नाही तोवर बाई नुसती पोरं सांभाळते. लोकांच्या तोंडी तोच शब्द… ती तिसऱ्या मजल्यावरची, पोरं सांभाळते ती. जशा काही म्हशी. परवाना आला की दाराला पाटी लागेल, कंपन्यांत नाव जाईल, मदतीला येणाऱ्या हसीनाभाभीला अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस ठेवता येईल, आणि समाधान जेवताना मोबाइलमधून डोकं न काढता, तुझं ते चाललंय ना बरं, असं विचारतो, ते तरी बंद होईल. तुझं ते. गेले सहा महिने ती या एका गोष्टीवर जगत होती आणि नवऱ्याला त्या गोष्टीचं नाव घ्यायला जड जात होतं.

खरं तर हे सगळं सायलीसाठीच सुरू झालं होतं. थेरगावला राहायचे तेव्हा पोरीला परक्या बाईकडे टाकून मोनिका कंपनीत जायची, लाईनवर वायरी जोडता जोडता मध्येच तिच्या मनात यायचं, की आता ती उठली असेल, आता रडत असेल, आणि मग एक दिवस तिनं सांगून टाकलं, सोडते मी नोकरी, घरीच चार पोरं ठेवते, निदान माझं लेकरू माझ्या डोळ्यांसमोर तरी राहील. तसं ते राहिलं. डोळ्यांसमोरच असतं दिवसभर.

"मावशी, शू झाली," सायली दारातून म्हणाली.

"जा, हसीनाभाभीला सांग."

हे मावशी म्हणणं आता सवयीचं झालं होतं. झालं होतं ते समर्थमुळे — अडीच वर्षांचा, गोबरा, कुणाचंही ऐकून बोलणारा. सायली दिवसभर आई, आई करायची, ते ऐकून तोही मोनिकाला आई म्हणायला लागला, आणि एका संध्याकाळी त्याची आई रुपाली त्याला न्यायला आली तर तिच्याकडे पाठ फिरवून मोनिकाच्या मांडीला चिकटला. आई, मी नाही जात. रुपाली कंपनीच्या गणवेशात तशीच उंबऱ्यावर उभी, गळ्यात ओळखपत्र, चेहरा उतरलेला. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण त्याला हे तुम्ही शिकवलंत का? असं असेल तर मी निगडीला दुसरीकडे बघते." मोनिकानं मनात हिशेब मांडला. चारातलं एक गेलं की बाकीच्यांच्या आया विचारणार, का गेलं.

म्हणून नियम. सकाळी पहिलं पोर आलं की संध्याकाळी शेवटचं जाईपर्यंत सगळ्यांनी मावशी म्हणायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. सायलीला पहिले दोन दिवस खेळ वाटला. मग ती विसरायला लागली, आणि मग मोनिकानं एक साधी गोष्ट केली — आई म्हटलं की ओ द्यायची नाही. मारायचं नाही, ओरडायचं नाही. ऐकूच आलं नाही असं करायचं. पोर पदर ओढायची, समोर येऊन उभी राहायची, आई, आई, आई बघ ना… आणि मोनिका तिच्या डोक्यावरून पलीकडे समर्थला म्हणायची, काय रे राजा, भूक लागली का?

मोरीत ती घसरून पडली तेव्हाही. हनुवटी फुटली होती, हे नंतर कळलं, तेव्हा फक्त किंकाळी आली, आई गं, आणि मोनिका खिचडीच्या पातेल्याशी उभी होती, आणि हॉलमध्ये चारातल्या पिंकीची आई बसलेली होती, लवकर आली होती म्हणून. मोनिकाचे पाय निघाले होते. निघाले होते, हे तिनं स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. पण तिनं डाव धरला हातात, तसाच, खिचडीत, आणि थांबली. आतून आई, आई, मग नुसतं रडणं, मग रडणंही बारीक होत गेलं, आणि मग, बऱ्याच वेळानं, अगदी शहाण्यासारखं — "मावशी". तेव्हा ती गेली. जाताना तिला काय वाटलं ते तिनं कुणाला सांगितलं नसतं. जिंकल्यासारखं वाटलं. दुःख वगैरे नंतर झालं, रात्री हळद लावताना, आणि तेसुद्धा व्हायला हवं म्हणून.

हसीनाभाभी त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "ताई, बच्ची आहे. एवढं बी नका." खालच्या गॅरेजवाल्या फारूकची बायको, स्वतःची तीन मोठी केलेली, पण हिला काय कळतंय. हिच्या पोटावर थोडीच आलं होतं.

मॅडम आल्या त्या जेवणं उरकताना. वयानं मोनिकाएवढ्याच, खांद्याला पिशवी, उन्हानं वैतागलेल्या. खिडकीच्या जाळ्या बघितल्या, औषधांचा डबा उंचावर आहे ना ते बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराची कडी हलवून बघितली. खिडकीखालच्या प्लगसमोर मोनिकानं खेळण्यांची टोपली सरकवली होती, ती त्यांनी हलवलीच नाही. मग पोरांपाशी खाली बसल्या. समर्थ त्यांच्या पिशवीकडे बघून भोकाड पसरणार, इतक्यात सायलीनं त्याच्या हातात चमचा दिला आणि म्हणाली, "रडायचं नाही. मावशीला नाही आवडत."

मॅडम हसल्या. "अरे वा. आणि तू रडत नाहीस?"

"नाही."

"आई कुठंय तुझी?"

मोनिका पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. आता बघेल, तिला वाटलं. आता माझ्याकडे बघेल आणि हसेल, आणि मी म्हणेन, अहो, माझीच आहे ती, आणि सगळे हसतील.

सायलीनं तिच्याकडे बघितलंच नाही. "आई कंपनीत गेलीय," ती म्हणाली. "शिफ्ट सुटली की येते."

हसीनाभाभी पोळी वाढता वाढता थांबली. बोल, बोल आता, मोनिका स्वतःला म्हणत होती, एवढंसं वाक्य आहे… पण ते बोललं की पुढचा प्रश्न येणार, मग ती तुम्हाला मावशी का म्हणते, आणि त्याला उत्तर काय. मॅडमनी मान वर केली होती. कौतुकानं. "छान राहते हो तुमच्याकडे. किती दिवस झाले हिला?"

"रुळलीय आता," मोनिका म्हणाली. स्वतःचा आवाज तिला गोड ऐकू आला. "पहिल्यांदा फार रडायची."

मॅडमनी जिन्यात चपला घालता घालताच सांगितलं, काही अडचण नाही, पुढच्या आठवड्यात परवाना घेऊन जा. मोनिकानं दार लावलं आणि दारालाच टेकून उभी राहिली. झालं. झालं एकदाचं. हसीनाभाभी काही बोलली नाही, ताटं गोळा करत राहिली, आणि तिचं ते न बोलणं मोनिकाला इतकं झोंबलं की तिला पूर्ण दिवस ठेवायचं की दुसरी कुणी बघायची, हा विचार तिथंच तिच्या मनात येऊन गेला.

संध्याकाळी एकेक आई आली. मोनिकानं प्रत्येकीला पेढा दिला. रुपाली सर्वांत शेवटी, धापा टाकत, बस चुकली म्हणून. समर्थ तिच्या गळ्यात पडला आणि रुपालीचे डोळे भरून आले, एवढ्याशा गोष्टीनं. दोघं जिना उतरून गेली. आज दिवसभर थांबलेली हसीनाभाभीही गेली. समाधान दुसऱ्या शिफ्टला. घर एकदम मोकळं झालं.

"सायले," मोनिकानं हाक मारली, "ये, पेढा घे. आता आई म्हण. गेले सगळे."

सायली दारापाशी फरशीवर बसली होती. पायांत चपला, उलट्यासुलट्या, आणि मांडीवर खेळण्यांतली एक पिशवी.

"काय करतेस तिथं?"

"आई आली की जाते."

"सायली. मीच आहे ना आई."

पोरीनं वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, रुसवा नव्हता, चेष्टाही नव्हती, निदान मोनिकाला दिसली नाही. दुपारी मॅडमकडे बघितलं होतं तसंच नीट, समजुतीनं बघितलं. "हो, मावशी," ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली.

एक ठेवून द्यावी असं वाटलं. उचलून घ्यावी असंही वाटलं असेल — वाटलं असणारच, मी आई आहे. पण पाय दुखत होते, दिवसभराचा शीण हाडांत उतरला होता, आणि मी पलीकडच्या खुर्चीवर बसले, पेढा हातातच. जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली. आम्ही दोघींनी एकदमच कान टवकारले. पावलं वर येत येत दुसऱ्या मजल्यावर थांबली, तिथलं दार उघडलं, लागलं. सायली हलली नाही. एवढा उशीर झाला तरी हिची आई कशी येत नाही, मला वाटलं, आणि राग यायला लागला, खरा राग, त्या बाईचा — पोरं दुसऱ्याच्या गळ्यात बांधून खुशाल हिंडतात, वेळेवर न्यायची अक्कल नाही, माणसाला काही घरदार आहे की नाही. येऊ दे. आली की चांगली सुनावणार आहे मी तिला.